जोडणी एक गिगाबिटची, तरी वेग का मिळत नाही?

संगणकाच्या पडद्यावर जोडणी ‘एक गिगाबिट’ दिसते, मोठी फाइल झरझर उतरते; मात्र त्याच सर्व्हरवर एकाच वेळी हजारो छोट्या विनंत्या आल्या की सारे काही रखडते. अशा वेळी केबल किंवा कार्ड बदलण्याची घाई केली जाते. दोष अनेकदा नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्याच्या मांडणीत असतो.

ईथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची, तर नेहमीची मोठी फ्रेम १५१८ बाइटची असते. दोन फ्रेममधील सक्तीचे अंतर वगैरे धरून एक गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला मोठ्या फ्रेम सुमारे ८१ हजार जातात. लहान मात्र १४ लाख ८८ हजार. फ्रेम लहान असो वा मोठी, ड्रायव्हरला तिच्यामागे करावे लागणारे काम जवळपास सारखेच. म्हणून केवळ मेगाबिट मोजणारी चाचणी फसवी ठरते. सेकंदाला किती पॅकेट पार पडली, हे मोजल्याशिवाय निदान होत नाही.

प्रत्येक पॅकेटमागे कार्डाने प्रोसेसरला ‘इंटरप्ट’ दिला, तर प्रोसेसर त्या हाकांना ओ देण्यातच गुंततो आणि प्रत्यक्ष काम शून्यावर येऊ शकते. जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली या अवस्थेची आणि तिच्यावरील उपायाची सविस्तर मांडणी केली. लिनक्समधील ‘नॅपी’ ही पद्धत याच विचाराची: पहिल्या हाकेनंतर इंटरप्ट थांबवायचे आणि साठलेली पॅकेट गटागटाने, एका खेपेस साधारणतः ६४ पर्यंत, उचलायची.

वाहतुकीचा प्रकार बदलून पाहिल्यास दोषाची जागा कळते. छोट्या पॅकेटांवरच वेग कोसळत असेल, तर इंटरप्टची संख्या आणि रिंग बफरचा आकार तपासावा. अनेक जोडण्या मिळून वेग पुरेसा, पण एकच जोडणी मंद असेल, तर तिचा सारा भार एकाच रांगेवर व पर्यायाने प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडत असण्याची शक्यता असते. याउलट, ‘पिंग’ सुरळीत आणि मोठी फाइल मात्र रडतखडत, असे असल्यास ड्रायव्हरला बोल लावण्याआधी दोन्ही टोकांचे डुप्लेक्स जुळते का ते पाहावे. एका टोकाला ‘फुल’ आणि दुसऱ्याला ‘हाफ’ हा जुनाच घोळ आहे.

लिनक्समध्ये ‘ईथटूल’ या आज्ञेने कार्डाचे गणक वाचता येतात. चाचणीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे टिपून त्यांतील फरक पाहावा. गळालेल्या पॅकेटांचा गणक वाढत असेल, तर रिंग बफर वाढवून पाहता येतो. एका वेळी एकच मांडणी बदलावी. इंटरप्ट एकत्र करण्याचा कालावधी वाढवला की प्रोसेसरचा भार हलका होतो, मात्र प्रत्येक पॅकेट थोडे अधिक थांबते. फाइल साठवणाऱ्या सर्व्हरला ते चालते, आवाजी संभाषण वाहणाऱ्या यंत्रणेला खटकू शकते.