कुत्रं पाळताय? मग त्याच्या घाणीचीही सोय करा!

धाराशिव : वस्ती असो की गावठाण, राखणीला कुत्रं लागतंच. पण पहाटे साखळी सोडली की ते कुठं जाऊन बसतं, हे मालक बघत नाही. शेजारणीच्या सडा टाकलेल्या अंगणात, कडब्याच्या गंजीजवळ नाहीतर शाळेच्या मैदानात. यावरून भांडणं होतातच, पण खरा धोका आजाराचा आहे.

घाणीतून काय पसरतं?

कुत्र्याच्या पोटात गोल जंत, आकडी जंत आणि पट्टकृमी असतात. त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गोल जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि मातीत खेळणाऱ्या लेकरांच्या हातावाटे पोटात जातात. आकडी जंताच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात.

शेळीवाल्यांनी जास्त जपावं

उस्मानाबादी शेळीच्या या जिल्ह्यात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंदुरीला बोकड कापला की पाण्याच्या गाठी असलेलं काळीज, फोपसा कुत्र्यापुढं टाकला जातो. या गाठींत हायडॅटिड रोगाचा पट्टकृमी असू शकतो. तो कुत्र्याच्या आतड्यात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात, भाजीवर पडतात. तिथून ती शेळीच्या आणि माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या काळजात, फुफ्फुसात गाठी होतात, त्या वर्षानुवर्षं वाढतात आणि बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. कुत्रं मात्र वरून ठणठणीत दिसतं. म्हणून गाठी असलेलं काळीज, फोपसा खोल पुरावा किंवा जाळावा. कच्चा कुत्र्याला घालूच नये.

जागा कशी लावायची?

पिल्लू झोपेतून उठल्यावर आणि खाल्ल्यावर थोड्या वेळात बसतं. त्या वेळी त्याला रोज परड्यातल्या एकाच कोपऱ्यात न्यावं. जागेचा वास ओळखीचा झाला की ते आपणहून तिथं जातं. बरोबर जागी केलं की लगेच पाठीवरून हात फिरवावा, भाकरीचा तुकडा द्यावा. घरात घाण केली म्हणून मारू नये, नाक घासू नये. त्यानं ते शिकत नाही, फक्त लपून करतं. मोठ्या कुत्र्याला सकाळ-संध्याकाळ साखळीला धरून फिरवावं.

घाणीचं काय करायचं?

• त्याच दिवशी उचलावी. गोल जंताची अंडी बाधा करण्याजोगी व्हायला दोन-चार आठवडे लागतात, पण पट्टकृमीची अंडी पहिल्यापासूनच बाधा करतात.
• हातात पिशवी घालून किंवा फावड्यानं उचलावी, नंतर साबणानं हात धुवावेत.
• विहीर, बोअर आणि ओढ्यापासून लांब खड्डा घेऊन पुरावी.
• भाजीपाल्याला घालायच्या उकिरड्यात टाकू नये. ते शेणखत नव्हे.
• चाऱ्यावर आणि पाण्याच्या हौदावर कुत्रं जाऊ देऊ नये.

डोस आणि लस

जंताचा डोस साधारण दर तीन महिन्यांनी द्यावा. शेळ्या-मेंढ्यांमागं फिरणाऱ्या कुत्र्याला पट्टकृमीचं औषध किती दिवसांनी द्यायचं, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी नियमित द्यावी. कुत्रं चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तिखट लावत बसू नये.

कायदा काय म्हणतो?

आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याची शक्यता असताना मालकानं निष्काळजीपणा केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उलट कुत्रं कायम बांधून ठेवणं आणि त्याला फिरवायलाच न नेणं, हीसुद्धा १९६० च्या कायद्यानं क्रूरता ठरते.

गाव हागणदारीमुक्त करायला माणसांना सवय लावावी लागली. कुत्र्याला ती सवय त्याच्या मालकानंच लावायची आहे.