मताधिकार : पुण्यातील साक्षीपासून अठराव्या वर्षापर्यंत

वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या भारतीय नागरिकाला मतदार होता येते, ही गोष्ट आज अंगवळणी पडली आहे. मात्र या अधिकाराची कक्षा टप्प्याटप्प्याने रुंदावत गेली. तिच्यासाठीच्या वादातील एक महत्त्वाचा प्रसंग पुण्यात घडला.

१९१९ च्या सुधारणा कायद्यात मताधिकार मुख्यतः मालमत्ता व करभरणा यांवर अवलंबून होता. स्त्रियांविषयीचा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपविण्यात आला. मुंबई इलाख्याने १९२१ मध्ये तो अनुकूल दिला. परंतु मालमत्तेच्या अटीमुळे बहुसंख्य स्त्री-पुरुष मतदारयादीबाहेरच राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २३ ऑक्टोबर १९२८ रोजी पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष दिली. प्रौढ मताधिकार मिळाल्यास अस्पृश्य वर्गासाठी राखीव जागा पुरेशा ठरतील, अन्यथा स्वतंत्र मतदारसंघ हवेत, अशी त्यांची भूमिका होती. १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा दिल्या. मताधिकार मात्र लोथियन समितीच्या मर्यादित शिफारशींनुसारच राहिला. म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रौढ मताधिकारही मिळाला नाही.

तो मिळाला संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने. जात, लिंग, शिक्षण वा मालमत्ता यांची अट न ठेवता २१ वर्षांवरील नागरिकांना मताधिकार देण्यात आला. ६१ व्या घटनादुरुस्तीने ही वयोमर्यादा १८ वर आणली. ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ रोजी अमलात आली आणि त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत १८ ते २० वर्षांच्या तरुणांनी प्रथमच मतदान केले. लोकसभा व विधानसभेच्या उमेदवारीसाठी किमान वय मात्र आजही २५ आहे.

अधिकार असला तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख असल्याने २ जानेवारीला १८ वर्षे पूर्ण करणाऱ्यास वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. शिक्षणासाठी पुण्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, परंतु एकाच ठिकाणी नाव नोंदविता येते. मालमत्तेचा अडसर दूर झाला; नमुना क्रमांक ६ चा अर्ज भरण्याचे काम मात्र नव्या मतदाराला स्वतःच करावे लागते.