गुडघ्याचा सांधा

गुडघा (जानुसंधी) हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. मांडीचे हाड (ऊर्वस्थी), नडगीचे हाड (अंतर्जंघास्थी) आणि गुडघ्याची वाटी (जान्वस्थी) या तीन हाडांचा तो बनलेला असतो. नडगीच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड मात्र सांध्याच्या खालीच थांबते. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल खोबणीत पक्का बसलेला असतो, तशी सोय गुडघ्यात नाही. येथे ऊर्वस्थीची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात, त्यामुळे सांध्याचे स्थैर्य हाडांच्या घडणीपेक्षा बंध, कूर्चा आणि स्नायू यांवरच अधिक अवलंबून राहते. गुडघ्याच्या बहुतेक दुखापतींचे मूळ याच रचनेत आहे.

हाडाला हाडाशी जोडणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. गुडघ्याच्या आतील व बाहेरील बाजूस एकेक बंध असून तो सांध्याला आडवे झुकू देत नाही. सांध्याच्या गाभ्यात एकमेकांना छेदून जाणारे दोन स्वस्तिकबंध असतात. त्यांपैकी पुढचा नडगीला पुढे आणि मागचा तिला मागे सरकण्यापासून रोखतो. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना पाय जमिनीवर रोवलेला असतानाच अंग एकदम वळले, तर पुढचा बंध तुटू शकतो, आणि तुटलेला हा बंध सहसा आपोआप सांधला जात नाही.

दोन हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. लवचिक पण टणक अशा या गाद्या शरीराचा भार विस्तृत पृष्ठभागावर वाटून देतात. आतल्या बाजूची कूर्चा त्या बाजूच्या बंधाला घट्ट चिकटलेली असल्याने तिला हालचालीस वाव कमी असतो व ती अधिक वेळा फाटते. कूर्चेच्या केवळ बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो. म्हणून तेथील चीर भरून येऊ शकते, आतल्या भागातील सहसा येत नाही.

गुडघा केवळ बिजागरीसारखा उघडतो व मिटतो, ही समजूत अपुरी आहे. वाकलेल्या गुडघ्यात नडगी स्वतःभोवती थोडी फिरू शकते. पाय सरळ होताना, तो जमिनीवर टेकलेला असल्यास, मांडीचे हाड अखेरच्या टप्प्यात किंचित आत वळते आणि सांधा जणू कुलूपबंद होतो. म्हणूनच ताठ उभे राहण्यास स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. हे कुलूप उघडण्याचे काम गुडघ्यामागील एक लहानसा स्नायू करतो.

पाय सरळ करणारा मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा स्नायू (चतुःशिरस्क) कंडरेच्या, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीच्या, साहाय्याने नडगीला जोडलेला असतो. वाटी याच कंडरेत बसलेली असून ती कंडरेला सांध्यापासून पुढे धरते व स्नायूची ओढ अधिक प्रभावी करते. जन्मतः वाटी कूर्चेची असते. साधारणपणे 3 ते 6 वर्षांच्या वयात तिचे हाडात रूपांतर होऊ लागते. वाटीखालील कंडरेवर हलका ठोका दिल्यास पाय झटक्याने पुढे उडतो. मज्जातंतूंच्या तपासणीतील या प्रतिक्षेपाचे वर्णन एर्ब व वेस्टफाल या जर्मन वैद्यांनी 1875 मध्ये केले.

हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्याही नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिचे पोषण मुख्यतः सांध्यातील वंगणासारख्या द्रवातून होते व हा द्रव हालचालीमुळेच तिच्यात झिरपतो. त्यामुळे झीज आरंभी जाणवत नाही, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. दुखऱ्या गुडघ्याला दीर्घकाळ स्थिर ठेवल्यास मांडीचे स्नायू रोडावून सांधा आणखी दुबळा होतो; वैद्यकीय सल्ल्याने चतुःशिरस्क स्नायू बळकट करणारा व्यायाम करणे हाच अशा वेळी पहिला उपाय मानला जातो.