इंजिनचं काम केल्यावर ऑइल प्रेशर कमी? आधी हे तपासा
ट्रॅक्टरच्या इंजिनचं पूर्ण काम करताना बरेच जण जुनाच ऑइल पंप परत बसवतात. पंपाचे गिअर झिजले असतील किंवा झाकणाला चरे पडले असतील, तर पंप नवीनच टाका, तोही त्याच मॉडेलचा. बेअरिंगमध्ये गॅप जास्त राहिला असेल, तर मोठा पंप टाकूनही तो भरून निघत नाही.

पहिल्यांदा चालू करताना: स्टॉपची दोरी ओढून धरा, स्टार्टर थांबून-थांबून मारा. मीटरचा काटा उठला की मगच इंजिन चालू करा.

किती प्रेशर हवं: इंजिन गरम झाल्यावर स्लोला प्रेशर थोडं उतरतंच. ढोबळ अंदाज म्हणजे दर १००० आरपीएमला १० पीएसआय. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात बघा.

इंजिन चालू असताना लाल दिवा विझला नाही, तर लगेच बंद करा. नाहीतर क्रँक जाईल आणि सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.