‘धोकादायक’ मनोरुग्ण : एका कायदेशीर कल्पनेचा इतिहास आणि जालना जिल्हा

उपचारासाठी आलेली व्यक्ती पुढे दुसऱ्यास इजा करील काय, हा प्रश्न मानसोपचारशास्त्राचा आहे, तसाच तो कायद्याच्या इतिहासाचाही आहे. त्याचे उत्तर कोणी द्यावे व कशाच्या आधारे द्यावे, यासंबंधीची भारतातील कल्पना गेल्या शतकात पुष्कळच पालटली. जालना जिल्ह्याच्या दृष्टीने हा पालट विशेष विचारार्ह ठरतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात 1912 साली वेड्यांसंबंधीचा कायदा झाला. मोकाट हिंडणाऱ्या वेडसर माणसास पकडावे किंवा नाही, हे त्याच्या 13 व्या कलमाने ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोपविले होते. परंतु वेडामुळे जो धोकादायक असल्याचे त्यास सकारण वाटे, त्यास पकडणे बंधनकारक होते. ‘धोकादायक’ या शब्दाची व्याख्या मात्र कायद्याने केली नाही. पहिला निर्णय पोलिसांचा, दंडाधिकाऱ्यापुढील चौकशी व वैद्यकीय तपासणी त्यानंतर, असा हा क्रम होता. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘वेडा’ हा शब्द टाकला. तथापि ‘धोकादायक’ हा शब्द आणि पोलिसांवरील ते बंधन दोन्ही कायम राहिली.

जालना त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने 1912 साली या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि 1 मे 1981 रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. 1960 साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा त्याची मोठी मनोरुग्णालये नागपूर, ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथे होती. मराठवाड्यात एकही नव्हते. तज्ज्ञ दूर असला की घर, गाव, पोलीस ठाणे आणि तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी यांच्या पहिल्या मतालाच निकालाचे वजन येते.

परंतु तज्ज्ञाचे मत तरी कितपत भरवशाचे? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1966 च्या बॅक्स्ट्रॉम निकालानंतर न्यूयॉर्क राज्यात धोकादायक म्हणून कडक बंदोबस्तात ठेवलेले 900 हून अधिक रुग्ण साध्या रुग्णालयांत हलविण्यात आले. त्यांपैकी फारच थोडे पुढे हिंसक ठरले, असे स्टेडमन व कोकोझा यांच्या अभ्यासात आढळले. 1981 साली जॉन मोनाहन यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन, हिंसेच्या दर तीन भाकितांपैकी फार तर एक खरे ठरते, असे दाखविले. उलटपक्षी, 1969 साली कॅलिफोर्नियात एका उपचारार्थीने आपला हेतू मानसोपचारकास सांगून नंतर तात्याना टॅरासॉफ या तरुणीचा खून केला. धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य होय, असे तेथील न्यायालयाने 1976 साली ठरविले. अर्थात चूक कोणत्याही बाजूने झाली, तरी तिची किंमत माणसालाच मोजावी लागते. यातूनच 1995 च्या सुमारास कॅनडात एचसीआर-20 ही पद्धती निघाली. तीत पूर्वेतिहासाच्या 10, सद्यःस्थितीच्या 5 व भावी परिस्थितीच्या 5 बाबी तपासल्या जातात. कोणत्या परिस्थितीत, कोणास आणि किती धोका संभवतो व तो कसा कमी करता येईल, असा तिचा रोख आहे.

भारताच्या 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याची दिशा हीच आहे. रुग्णाच्या संमतीवाचून दाखल करण्यासाठी त्याच्या 89 व्या कलमाने दोघांची स्वतंत्र तपासणी आवश्यक केली. त्यांतील एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. स्वतःस इजा करण्याची अलीकडील धमकी वा प्रयत्न, दुसऱ्याशी अलीकडे केलेले हिंसक वर्तन वा त्यास वाटलेले इजेचे भय, किंवा स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, यांपैकी काहीतरी दिसले पाहिजे. पोलिसांनी ताब्यात घेतलेल्या व्यक्तीस कोठडीत न ठेवता 24 तासांच्या आत जवळच्या सार्वजनिक आरोग्यसंस्थेत न्यावे, असे 100 वे कलम सांगते. 23 व्या कलमानुसार दुसऱ्याच्या संरक्षणार्थ गोपनीयता मोडता येते, परंतु आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती.

सारांश, 1912 साली ‘धोकादायक’ हा माणसाचा गुणधर्म मानला जात असे. आता अलीकडे घडलेल्या, सांगता व तपासता येणाऱ्या वर्तनाचा पुरावा मागितला जातो. जालन्यासारख्या जिल्ह्यात हा बदल प्रत्यक्षात उतरणे, पहिली तपासणी करणारा वैद्यकीय अधिकारी काय पाहतो आणि काय लिहून ठेवतो, यावर मुख्यतः अवलंबून आहे. ‘रुग्ण हिंसक आहे’ एवढाच शेरा त्याने लिहिला, तर नवा कायदा असूनही जुनीच रीत चालू राहील.