रखवालदाराचेच ओझे : विंडोज एक्सपीच्या अखेरच्या दिवसांतील एक कोडे

२०१३ सालाच्या उत्तरार्धात विंडोज एक्सपी वापरणाऱ्या असंख्य लोकांना एकच विचित्र अनुभव येत होता. संगणक सुरू होई, पडद्यावर चिन्हे उमटत; पण माऊस अडखळे, साधी फाईल उघडायला मिनिटे लागत आणि आतला पंखा जोराने फिरत राही. टास्क मॅनेजर उघडल्यावर ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाची प्रक्रिया प्रोसेसरची जवळजवळ सर्व शक्ती वापरताना दिसे. हा प्रकार कधी काही मिनिटांत थांबे, कधी तासाहून अधिक चाले. संशय अर्थातच व्हायरसवर जाई किंवा यंत्राच्या वयावर.

प्रत्यक्षात ही प्रक्रिया परकी नव्हती. विंडोजमधील अनेक सेवा स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून चालत नाहीत. त्या एका सामायिक यजमान प्रक्रियेच्या आश्रयाने चालतात. वाड्याच्या दारावर मालकाची एकच पाटी असावी आणि आत दहा बिऱ्हाडे नांदावीत, तसा हा प्रकार. एक्सपीचा टास्क मॅनेजर फक्त पाटी दाखवी. गोंगाट कोणत्या बिऱ्हाडात आहे, हे कळण्यासाठी ‘प्रोसेस एक्सप्लोरर’सारखे साधन लागे. जाणकारांनी आतल्या सेवा तपासल्या, तेव्हा बोट एकाच सेवेकडे वळले : स्वयंचलित अपडेट. संगणकाचे रक्षण करणारी सेवाच त्याला जेरीस आणत होती.

कारण गणिती होते. इंटरनेट एक्सप्लोररसाठी नियमितपणे येणारी नवी सुरक्षा दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीची जागा घेई. कोणती दुरुस्ती कोणामुळे कालबाह्य झाली, याची साखळी दरवेळी लांबत गेली. ही साखळी तपासणाऱ्या अल्गोरिदमची वाढ घातांकी होती : यादीत एक नोंद वाढली की तपासणीचा वेळ दुप्पट होई. बुद्धिबळाच्या पटावर धान्याचे दाणे दुप्पट करत मागणाऱ्या बुद्धिमंताची कथा भारतीय वाचकाला परिचित आहे. अकराव्या घरात १,०२४ दाणे. एकविसाव्या घरात दहा लाखांहून अधिक. एकेचाळिसाव्या घरात एक लाख कोटींहून अधिक. एक्सपीची यादी काही ठिकाणी चाळीस नोंदींच्या पलीकडे गेली होती. यादी चार-पाच नोंदींची होती, तोवर हा दोष कोणाच्या लक्षात येणे कठीण होते. तो पहिल्यापासून तिथेच होता. फक्त त्याला पुरेसा काळ मिळायचा होता.

वापरकर्त्यांपुढे दोन वाटा होत्या. इंटरनेट एक्सप्लोररची सर्वांत अलीकडची एकत्रित दुरुस्ती हाताने उतरवून बसवली, की भार उतरे. मात्र नवी दुरुस्ती आली, की तोच त्रास पुन्हा उद्भवू शके. दुसरी वाट सोपी होती : अपडेट सेवा कायमची बंद करणे. संगणक तत्काळ हलका होई आणि त्यानंतर एकही सुरक्षा दुरुस्ती त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचत नसे.

मायक्रोसॉफ्टचे २०१३ मधील प्रयत्न पुरेसे ठरले नाहीत. अखेर जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने जुन्या, निरुपयोगी झालेल्या नोंदी यादीतून वगळल्या. साखळी आखूड होताच तपासणी पुन्हा वेगाने होऊ लागली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ एप्रिल २०१४ रोजी, एक्सपीचा आधारच संपला.

दुरुस्तीविना राहिलेल्या संगणकांची किंमत मे २०१७ मध्ये जगाने पाहिली. ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्रॅम दीडशेच्या आसपास देशांत पसरला. आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही त्याच्या तावडीत सापडले. त्या वेळी आधार असलेल्या विंडोज आवृत्त्यांसाठीची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये, उपलब्ध झाली होती. बाधितांमध्ये विंडोज ७ चे संगणक सर्वाधिक होते. म्हणजे उपाय हाताशी असूनही तो बसवला गेला नव्हता. भारतात एटीएम यंत्रांवरही आधार संपलेल्या प्रणाली चालू राहिल्या होत्या. रिझर्व्ह बँकेला जून २०१८ मध्ये त्या टप्प्याटप्प्याने बदलण्यासाठी बँकांना मुदत घालून द्यावी लागली.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अल्गोरिदमची गुंतागुंत हा परीक्षेपुरता विषय वाटू शकतो. एक्सपीच्या या प्रकरणात तीच गुंतागुंत घरोघरीच्या संगणकांत पंख्याच्या आवाजातून ऐकू येत होती. आजही एखादी पार्श्वभूमीतील प्रक्रिया प्रोसेसर व्यापून बसली, तर शोधाचा क्रम तोच राहतो : यजमान प्रक्रियेच्या आत नेमकी कोणती सेवा आहे हे पाहणे, ती तात्पुरती थांबवून भार उतरतो का हे तपासणे, मूळ कारण दूर करणे आणि मग ती सेवा पुन्हा सुरू करणे. यातील शेवटची पायरीच बहुधा विसरली जाते.