सिव्हिल लाइन्समधली परिषद आणि तिची अवघड वाट

कुहीहून नागपूर चाळीसेक किलोमीटर. हायकोर्टाची तारीख असो की मंत्रालयाच्या हिवाळी मुक्कामात एखादं निवेदन द्यायचं असो, आपल्या तालुक्यातल्या माणसाला सिव्हिल लाइन्स गाठावंच लागतं. त्याच भागात ख्रिश्चन कौन्सिलचं आवार आहे. देशातल्या तीसेक प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांना एकत्र बांधणाऱ्या ‘नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया’ या संस्थेचं मुख्यालय तिथं आहे. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांशी धर्मगुरूनं कसं वागावं, या प्रश्नाचा या परिषदेनं गेली पंधरा-सोळा वर्षं नेटानं विचार केला आहे. इतक्या जवळ झालेलं हे काम आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून ही वाटचाल लिहायला घेतली.

कुहीसारख्या गावात याचं महत्त्व शहरापेक्षा जास्त आहे, असं माझं मत आहे. पोरगा पंचविशीत आला, स्थळं येऊ लागली आणि तो म्हणाला, मला पोरीशी लग्न करायचं नाही, माझं मन पोरांकडे आहे. तर घरचे पहिल्यांदा कुठं धावतात? वकिलाकडे कुणी जात नाही, डॉक्टरकडे फार उशिरा जातात. आधी देवळातले महाराज, विहारातले भन्तेजी, मंडळीचे पाळकसाहेब किंवा उतारा काढणारा बाबा. त्या पहिल्या दारात त्या पोराला जे ऐकायला मिळतं, त्यावर त्याची पुढची वर्षं ठरतात. सुप्रीम कोर्टाचा निकाल त्या अंगणात फार मागाहून पोचतो.

परिषदेचा जन्म १९१४ चा. तेव्हा नाव होतं नॅशनल मिशनरी कौन्सिल, आणि नावाप्रमाणेच कारभार मिशनऱ्यांचा होता. १९२३ मध्ये ती नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल झाली आणि भारतीयांचा आवाज वाढला. १९७९ पासून आजचं नाव आहे. मिशन संस्थांची परिषद ही ओळख मागे पडून ती मंडळ्यांची परिषद झाली. मधल्या काळातली एक मोठी घटना नागपूरकरांनी डोळ्यांनी पाहिली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. बाप्तिस्मा बालपणी द्यायचा की जाणतेपणी, बिशप असावा की नसावा, अशा मुद्द्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहिलेले लोक एका छताखाली आले होते.

आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती माणसाला नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वी काही काळ नागपुरात होते. पुढे १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पाळक झाले, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्या दरबारात जागा होती. त्या काळात हे किती धाडसाचं होतं याची कल्पना आज येत नाही. टिळकांचं नाव घेणाऱ्या मंडळीनं निदान एवढं तरी लक्षात ठेवावं, की आपल्याच घराण्यात दार रुंद करणारा माणूस होऊन गेला आहे.

परिषद समलिंगी माणसांच्या प्रश्नापर्यंत पोचली ती एचआयव्हीच्या वाटेनं. भारतात पहिले रुग्ण १९८६ मध्ये सापडले. मिशन दवाखान्यांना सेवेचा जुना अनुभव होता, पण या आजारात सेवेआधी लाज आडवी येत होती. रुग्ण मंडळीत यायला भ्यायचा, पाळक घरी जायला कचरायचे. परिषदेनं एड्सच्या कामाचा वेगळा उपक्रम उभा केला, आणि त्या कामात पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, देहविक्रय करणाऱ्या बाया, अशी माणसं कार्यकर्त्यांच्या समोर येऊन बसू लागली. त्यांतली कितीतरी रविवारी उपासनेला जाणारीच होती. ज्यांच्यासाठी औषधं नेली, त्यांनी विचारलं ते प्रभुभोजनाच्या मेजाबद्दल: आम्हाला तिथं जागा आहे का?

२ जुलै २००९ रोजी दिल्ली हायकोर्टानं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मानवी लैंगिकतेवर मंडळ्यांची भूमिका काय असावी, याची चर्चा करायला धर्मशास्त्राचे अभ्यासक कोलकात्यात बसले. परिषदेचा त्यात पुढाकार होता. वाळीत टाकलेल्यांना मंडळीत आसरा मिळाला पाहिजे, हा तिथला सूर होता. ही वाट एकमतानं चाललेली नाही, हेही सांगितलं पाहिजे. हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध जे सुप्रीम कोर्टात गेले त्यांत उत्कल ख्रिश्चन कौन्सिल आणि अपॉस्टॉलिक चर्चेस अलायन्स या ख्रिस्ती संस्थाही होत्या. ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. तेव्हा मुंबईचे कॅथलिक आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी जाहीरपणे सांगितलं, की समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवणं चर्चला मान्य नाही. समलिंगी विवाहाला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. तरीही त्या दिवसांत, त्या पदावरून आलेला तो शब्द वजनाचा होता.

नागपूरच्या परिषदेनं पुढचं पाऊल कागदावर टाकलं. फादर फिलिप कुरुविला यांनी संपादित केलेली, लैंगिकता आणि लिंगभावाच्या विविधतेवर भारतीय मंडळ्यांसाठी लिहिलेली मार्गदर्शिका २०१७ मध्ये आली. कुरुविला स्वतः पाळक, एड्सच्या कामात मुरलेले. म्हणूनच हे पुस्तक मला मोलाचं वाटतं: ज्यानं आधी माणसांना भेटून घेतलं, त्यानं नंतर शास्त्र उघडलं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले, तेव्हा निदान काही पाळकांच्या हाती आधीच विचारलेले प्रश्न होते.

पण परिषद कुणाला हुकूम देऊ शकत नाही. ती सुचवते, शिकवते, पुस्तक काढते. पाळकपदाची दीक्षा कुणाला द्यायची हे प्रत्येक मंडळी आपापलं ठरवते. आणि इथं वाट अडते. जो स्वतः समलिंगी आहे आणि पाळकही आहे, त्याला आपल्याकडे उघडपणे बोलायला अजून जागा नाही. तो दुसऱ्याच्या लग्नात आशीर्वाद देतो, पाळकसाहेब अजून एकटेच का, या प्रश्नाला हसून उत्तर देतो, आणि घरी परततो. अशा माणसाच्या शांततेचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

बाहेरच्या जगात आपण समलिंगी आहोत हे उघडपणे बोलणाऱ्या धर्मगुरूंनी किंमत मोजली आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे बिशप झालेले जीन रॉबिन्सन यांना दीक्षाविधीच्या वेळी झग्याखाली बुलेटप्रूफ जाकीट घालावं लागलं. दक्षिण आफ्रिकेतले इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांना फेब्रुवारी २०२५ मध्ये गोळ्या घालून मारण्यात आलं. त्याच वर्षी केरळी कुटुंबातल्या, उघडपणे समलिंगी असलेल्या रेव्हरंड विनी वर्गीस न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या अवाढव्य कॅथेड्रलच्या डीन झाल्या. आपल्या बाजूला पाहिलं तर ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी किन्नर आखाड्याच्या आचार्य महामंडलेश्वर म्हणून २०१९ च्या प्रयागराज कुंभात जुना आखाड्याबरोबर स्नानाला उतरल्या. त्यांच्या राजकीय मतांवर तृतीयपंथी समाजातूनच कडक टीका झाली आहे, आणि ती टीका ऐकण्यासारखी आहे. पण ज्यांच्याकडे लोक टाळीपुरते पाहत, त्यांच्या पाया पडायला कुंभात रांगा लागल्या, हेही घडलं.

कुही तालुक्यात आंभोऱ्याला पाच नद्या मिळतात. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ तिथंच लिहिला गेला, असं आपण अभिमानानं सांगतो. साधुसंतांचा शब्द मानणारा हा मुलूख आहे. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या सांगण्यावरून गावं झाडून निघाली. त्या शब्दाला इथं अजूनही ताकद आहे, म्हणून ज्यांच्या मुखात तो आहे त्यांना थेट सांगणं आहे.

पाळकसाहेब, भन्तेजी, महाराज: एखादं पोर तुमच्याकडे हे सांगायला आलं, तर त्याच्या बापाला फोन करण्याआधी त्याला विचारा. ‘बाहेरची बाधा’ म्हणून त्याला कुणाच्या हवाली करू नका. समलिंगी असणं हा आजार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि असा कल ‘बदलून देण्याचे’ उपचार करणं हे नॅशनल मेडिकल कमिशननं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलं आहे. घाईनं त्याचं लग्न लावू नका. त्यात एका पोरीचंही आयुष्य जातं. आणि काय बोलावं ते सुचत नसेल, तर सिव्हिल लाइन्सच्या त्या आवारात एकदा जाऊन या.